व्यत्यय आणू नका

आमचे हे कुलपं दुरुस्त करतात आणि मी चाव्या कापते. दुकान एवढंसं, की हे शिंकले तर माझ्या यंत्रावरचा पितळेचा भुसा उडतो. इतकी वर्षं पाठीला पाठ लावून काम करतोय, त्यामुळे आमच्यात लपवाछपवीला जागाच नाही असं मला वाटायचं. पण त्या आठवड्यात मी एक गोष्ट लपवली, आणि नेमका त्याच आठवड्यात ह्यांनी नवा अँड्रॉइड फोन आणला.

जुना बटणांचा फोन शुक्रवारी सकाळी तेलाच्या डब्यात पडला. ह्यांनी तो चिमट्याने काढला, पुसला, कानाला लावला आणि म्हणाले, "गेला." चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नव्हता. अर्ध्या तासात नवा खोका घेऊन हजर! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

मी यंत्र थांबवलं. कारण त्याच दिवशी दुपारी, ह्यांच्याच नंबरावर, माझ्यासाठी फोन यायचा होता.

झालं होतं असं. आमच्या रस्त्याच्या टोकाला नाट्यगृह आहे. तिथे चाव्या पोचवायला गेले, तर आत दिग्दर्शक एका भूमिकेसाठी बायकांचे आवाज ऐकत होते. घरमालकीण स्वतःच्याच खोलीत अडकते आणि सबंध पहिला अंक बंद दाराआडून ओरडते, अशी ती भूमिका. मी रांगेच्या जवळ उभी होते, तर कुणीतरी माझ्याही हातात कागद दिला. 'अहो, मी चाव्यावाली' असं म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं. "उघडा म्हणते ना! उघडा!" मी वाचून मोकळी झाले.

दिग्दर्शकांनी मान तिरकी केली. "आवाज दणकट आहे, बाई. पण तुम्ही ओरडत नाही, पाठ म्हणताय. राग कुठाय?"

तरी शेवटी आम्ही दोघीच उरलो, मी आणि एक उंच बाई. "शुक्रवारी दुपारी विचार करून फोन करतो," ते मला म्हणाले. "तुम्हाला घ्यायचं ठरलं तर तुम्हालाच करीन. उचलला नाहीत तर त्यांना. संध्याकाळी लगेच तालीम आहे." माझ्याकडे कुठला फोन? दुकानाच्या पाटीवरचा नंबर दिला, त्यांचा कागदावर लिहून घेतला आणि पाय जमिनीला न लावता घरी आले.

ह्यांना सांगितलं नाही. मी काम करताना गुणगुणले तरी हे म्हणतात, "यंत्राला तेल घाल गं." अशा माणसाला सांगायचं, की मी नाटकात काम करणार? हसून हसून खुर्चीवरून पडले असते. आणि भूमिका मिळाली नसती तर वर्षभर तेच ऐकावं लागलं असतं. पण मला ती हवी होती. इतकी हवी होती, की रात्री उशीत तोंड खुपसून 'उघडा' म्हणून बघायचे.

तर खोका उघडला. ह्यांनी जुनं सिम धुऊन, पुसून, फुंकर मारून नव्या फोनात घातलं. पडदा उजळला आणि फोनने विचारलं, भाषा कोणती? ह्यांनी मराठी निवडली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती ह्यांनीच शोधून काढली.

मग बोटाचा ठसा. फोन म्हणाला, बोट ठेवा. ठेवलं. पुन्हा ठेवा. ठेवलं. जन्मभर कानस घासून ह्यांच्या बोटांवरच्या रेषा गेल्यात. फोनला बिचाऱ्याला काही सापडेना. "बोट स्वच्छ करून पहा," तो म्हणाला.

"माझं बोट घाण म्हणतो!" हे चवताळले. शेवटी ठिपके जोडायची खूण ठेवली, ती सुद्धा माझ्याकडे पाठ करून.

पुढचे दोन तास दुकानात नुसता धुमाकूळ. पडद्यामागचं चित्र म्हणून आधी स्वतःचा फोटो ठेवला, मग आवडीचं मोठं पितळी कुलूप, मग दोघं एकत्र. अक्षरं मोठी केली, आणखी मोठी केली, इतकी की 'सेटिंग्ज'मधलं नुसतं 'सेटि' दिसायला लागलं. पडदा काळा केला, पांढरा केला. घड्याळ उजवीकडून डावीकडे नेलं. वाजायला कोंबड्याची बांग निवडली. ती कशी वाजते हे बघायला थोरल्या भावजींना निरोप पाठवून फोन करायला लावला. कोंबडा असा आरवला की माझ्या हातातली चावी तिरकी कापली गेली.

"वाजतो ना नीट?" मी उगीचच विचारल्यासारखं विचारलं.

"बहिऱ्यालासुद्धा ऐकू जाईल!"

मला हायसं वाटलं. हसूही यायला लागलं होतं खरं तर. इतक्या दिवसांनी ह्यांना असं पोरासारखं उड्या मारताना बघत होते. कुणालाही लागण झाली असती. मीच म्हटलं, माझ्या यंत्राचा फोटो लावा की मागे. लावला. आम्ही दोघं त्या फोनवर डोकी टेकवून खिदळत होतो, आणि दाराबाहेरून जाणारा एकजण थांबून, आत वाकून बघून गेला.

पण फोनला एक खोड होती. तो सारखा परवानगी मागायचा. कॅमेरा उघडला, की फोटो ठेवू का? नकाशा उघडला, की तुम्ही कुठे आहात ते बघू का? आणि इथे आमच्यातला कुलूपवाला जागा झाला.

"बघितलंस? घरात पाऊल ठेवत नाही तोवर तिजोरी कुठाय विचारतो!" असं म्हणून ह्यांनी दिसेल तिथे 'नाही' दाबलं. "आपल्या धंद्याचा पहिला नियम. ओळख पटल्याशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही." नकाशाला रस्ता दिसेना, कॅमेऱ्याला फोटो ठेवता येईना, पण हे खूश. फोनच्या कानाकोपऱ्यात शिरून जिथे खिडकी दिसेल तिथे कडी लावत सुटले. मी किती लक्ष देणार? माझी नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती.

दुपार झाली. कोंबडा गप्प. जेवणाचे डबे उघडले, मिटले. कोंबडा गप्प. ऊन उंबऱ्यावरून सरकून रस्त्यावर गेलं, आणि माझा आनंदही त्याच्याबरोबर सरकत गेला. राग नाही तुमच्यात, असं म्हणाले होते ना ते. उंच बाईला घेतलं असणार. मी यंत्राकडे तोंड फिरवून डोळे पुसले आणि ह्यांना सांगितलं, भुसा गेला डोळ्यात.

"किती शांत गेला आजचा दिवस," हे हात ताणत म्हणाले. "एकाचाही फोन नाही."

तेवढ्यात न्हावी धावत आला. नाट्यगृहाच्या वाटेवरच्या गल्लीतला. खांद्यावर टॉवेल, हाताला साबणाचा फेस, चेहरा लालबुंद.

"अहो, मेलात की काय! किती फोन करायचे माणसाने? टॉवेल झटकायला बाहेर आलो आणि दार बसलं. खटका अडकलाय, आतून पण उघडत नाही. गिऱ्हाईक आत आहे, अर्धी दाढी झालेलं!"

"फोन?" हे म्हणाले. "फोन आलाच नाही."

"शेजारच्याचा फोन घेऊन लावला, माझा आत राहिलाय. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही!"

माझ्या हातातून चावी पडली. "बघू तो फोन," मी म्हटलं.

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीकशी खूण होती. ती दाबली तर राक्षसी अक्षरांत आलं, 'व्यत्यय आणू नका'. आणि खाली, फक्त ओळखीच्या नंबरांचेच फोन वाजतील. सिममध्ये ओळखीचे नंबर कुणाचे? थोरल्या भावजींचे आणि चार नातेवाइकांचे. कुलपं अडकलेल्या साऱ्या जगाला ह्यांनी दाराबाहेर ठेवलं होतं! कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय. न उचललेल्या फोनांची लाल रांग लागली होती, आणि त्यात एक नंबर पुन्हा पुन्हा आला होता. तो मला तोंडपाठ होता.

"हा उघडा," मी म्हटलं.

"थांब गं, कुठे ती कडी होती..." हे फोन हातात घेऊन इकडे तिकडे बोटं मारायला लागले. "ह्या नंबरला आत घ्यायचं ना? हा दाबला की..."

आणि मग माझा बांध फुटला.

"काय दाबताय? सगळं दाबूनच तर ठेवलंय! अहो, जन्मभर जगाची दारं उघडत फिरलात आणि माझ्या एका फोनला दार लावलंत? आठवडाभर झोपले नाही मी! आयुष्यात एक गोष्ट स्वतःसाठी मागितली, ती दारात येऊन परत गेली, आणि तुम्ही इथे कोंबडे वाजवताय! उघडा! उघडा म्हणते ना! उघडा!"

शेवटच्या 'उघडा'ला खुंटीवरच्या चाव्या झणझणल्या. न्हावी दोन पावलं मागे सरकला. समोरच्या इमारतीत एक खिडकी खरोखरच उघडली.

मग त्या शांततेत ह्यांच्या हातातून बारीक आवाज आला. "हॅलो?"

हे फोनकडे सापाकडे बघावं तसे बघत होते. नंबर दाबला म्हणजे तो मोकळा होईल असं ह्यांना वाटलं होतं. तो लागला होता.

"बाई," दिग्दर्शक म्हणाले, "मी मघापासून ऐकतोय. दुसऱ्या बाईंना फोन लावायलाच घेतला होता. आता नाही लावत. हेच हवं होतं मला. तालमीत असंच म्हणाल ना?"

"म्हणेन," मी म्हटलं.

"मग लगेच या. पडदा उघडून ठेवलाय."

फोन बंद झाला. ह्यांनी तो हळूच काउंटरवर ठेवला, खाली बसले आणि मला पहिल्यापासून सगळं विचारलं. मी भराभर सांगितलं, कागद, उंच बाई, उशी सगळं. न्हावी मध्येच "अहो, माझं गिऱ्हाईक" म्हणत होता, पण त्यालाही पुढे काय झालं ते हवं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही हसला असता."

ह्यांनी फोन उलटा करून ठेवला. लागलं होतं ह्यांना, दिसत होतं. मग म्हणाले, "हसलो असतो. आणि मग चुलतभावंडांपासून सगळ्यांना सांगत सुटलो असतो, की माझी बायको नाटकात आहे." नाक ओढलं. "पण काय गं, स्टेजवरच्या त्या दाराला कुलूप कुठलं आहे? खोटं असणार. मी बसवून देतो चांगलं."

मला हसू आवरेना. रडूही आवरेना. मी केस नीट केले, ह्यांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि आम्ही तिघं बाहेर पडलो. घाईघाईत ह्यांनी दार ओढून घेतलं. खट्.

खट् झाल्यावर हे जागच्या जागी थिजले. खिसे चाचपले. काचेतून आत पाहिलं. काउंटरवर दुकानाच्या चाव्या होत्या, आणि शेजारी नवा फोन. तेवढ्यात आत कोंबडा आरवायला लागला. थोरले भावजी असणार.

पिशवी हातातच होती. हे कुलूप ह्यांनी डोळे मिटून उघडलं असतं, फार तर थोडा वेळ लागला असता. ह्यांनी कुलुपाकडे पाहिलं, मग रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं, आणि माझा हात धरला.

"राहू दे," हे म्हणाले. "आधी तुझं दार."

"आणि माझं?" न्हावी किंचाळला.

"तुझं वाटेतच आहे रे, चल!" आणि आम्ही तिघंही पळत सुटलो.