सहीसकट बाबा

सुविचाराचं कार्ड करायचं म्हणजे फोटोवर मजकूर डकवायचा, असं माझ्या दादाला वाटतं. वाटू दे. मी पोटापाण्यासाठी तेच करते, म्हणून मला माहीत आहे. फोनवर सरकणारा अंगठा थांबवायचा तर एका कार्डावर एकच विचार हवा, ओळ अर्थाच्या जागी तुटायला हवी, आणि फोटोतल्या माणसाची नजर मजकुराकडे हवी. ती बाहेर गेली की वाचणाराही बाहेर जातो.

बाबा गेले आणि पुढच्याच महिन्यात दादा खाली माझ्या खोलीत आला. "छोटे, बाबांचे विचार कार्डांवर करू या का? रोज एक. वाक्यं मी देतो, तू सजव." मला भरून आलं. आपल्यासारखीच भावालाही बाबांची रोज आठवण येते, याचंच मला अप्रूप वाटलं.

बाबांनी जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. बोलायचे तेही गाडीतूनच. "आरसा बघितल्याशिवाय वळू नये." "हॉर्न वाजवणाऱ्याला रस्ता द्यावा, किंमत देऊ नये." आई चिडली की आम्हाला दबक्या आवाजात सांगायचे, "इंजिन गरम आहे, बॉनेट उघडू नका." अशी वाक्यं दादाने दिली आणि मी त्यांत जीव ओतला. मागे डांबरी करडा रंग, त्यावर पांढरी अक्षरं, आत्याला चष्म्याशिवाय दिसतील एवढी मोठी. खाली छापील नावाऐवजी बाबांची सही टाकली. शिकाऊ लोकांना ते दाखला द्यायचे, त्यातल्या एका जुन्या दाखल्यावरून उचलली होती. ती बघून आत्या फोनवर रडली. नातेवाइकांच्या ग्रुपवर कार्ड पडलं की सकाळभर जोडलेल्या हातांची रांग लागायची.

मग वाक्यं बदलत गेली. "मोठ्याच्या शब्दाला मान द्या." "एकी टिकवायची तर हट्ट सोडा." यात गाडी कुठेच नव्हती. मी विचारलं तर दादा म्हणाला, "माझ्याशी वेगळं बोलायचे ते. बाप मुलाशी बोलतो तसं." असेल, म्हटलं. शिवाय मजकूर हातात आला की मी तो वाचत नाही, मापते. "भिंतींना धरून बसू नका, माणसांना धरून राहा," हे आलं तेव्हा तर मी खूशच झाले. दोन ओळी, जवळपास सारख्या लांबीच्या. त्याला बाबांचा सगळ्यात चांगला फोटो लावला, गाडीच्या खिडकीवर कोपर टेकून हसणारा. ते कार्ड बाबांना न ओळखणाऱ्यांनीही पुढे पाठवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त मला ते अजून कळायचं होतं.

एका रविवारी दादाने आई, आत्या आणि मला वर बोलावलं. घर विकायचं, म्हणाला. गिऱ्हाईक तयार आहे. तो फ्लॅट घेणार, आई त्याच्याकडे राहणार.

"आणि खालची खोली?" मी विचारलं.

मी राहते ती खोली. माझं कामही तिथेच चालतं. कागदोपत्री घर दादाच्या नावावर, कारण कर्ज त्याच्याच नावावर मिळत होतं. पण बाबांनी जेवताना स्वच्छ सांगितलं होतं, "खालची खोली छोटीची. तिला कोणी रिव्हर्स घ्यायला लावायचं नाही." तेव्हा दादा समोर जेवत होता, आई वाढत होती. आमच्या घरात शब्दावर चालायचं.

"मला नाही असं काही आठवत," दादा म्हणाला. "बाबांचं म्हणणं काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे." आणि त्याने आत्याकडे बघितलं.

आत्याने पर्समधून फोन काढला. "हे बघ ना गं. भिंतींना धरून बसू नका. माझा भाऊ किती सुंदर सांगून गेलाय. आणि तू खोलीसाठी भांडतेस?"

"आत्या, बाबा हे बोललेच नाहीत."

"मग ही सही?"

"ती मी लावलीय."

"तू लावलीस," दादा शांतपणे म्हणाला. "म्हणजे तेव्हा तुला पटलं होतं. आता स्वतःवर आल्यावर पटेनासं झालं."

विकायला त्याला कोणाची परवानगी नको होती. बहिणीला बाहेर काढून चार नातेवाइकांत तोंड वर करून फिरता यायला हवं होतं, आणि ती सोय मी करून दिली होती. केसाने गळा कापणं म्हणतात, इथे केससुद्धा मीच विंचरून दिला होता. मला त्याचा भयंकर राग आला. इतके दिवस हा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचा आणि सांगायचा, "अक्षर अजून मोठं कर, आत्याला दिसत नाही." मला वाटायचं, किती काळजी आहे याला आत्याची.

मी आईकडे वळले. "आई, तू होतीस तिथे. तू सांग."

आई चष्मा पुसत राहिली. पुसून झाल्यावरही पुसत राहिली. "कार्डावर आहे म्हणजे म्हणाले असतील गं," ती म्हणाली.

आत्याने सुस्कारा सोडला. विषय तिथेच मिटला.

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. ती सगळ्यांचे कप विसळत होती. दादाचं मला समजत होतं, त्याला फ्लॅट हवा होता. आईचं समजत नव्हतं, आणि तेच जास्त लागलं होतं.

"तुला आठवतंय सगळं," मी म्हटलं.

"आठवतंय."

"मग?"

"मला यापुढे त्याच्याकडे राहायचंय. त्याला चारचौघांत खोटं पाडून त्याच्याच घरात कशी राहू?"

"माझ्याकडे राहा."

आईने नळ बंद केला. हात पुसत माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले असावे तसं.

"तुझ्याकडे कुठे?" ती म्हणाली. "तुला आता खोली कुठे आहे?"