नादगुरूंची मिठी

"आला! आवाज आला!"

"मला पण!"

"अगं बाई, माझे तर दोन्ही कान मोकळे झाले!"

मावशीच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधे स्टुलावर तिचा स्वस्तातला रेकॉर्ड प्लेअर. क्षणापूर्वी त्यातलं गाणं विहिरीच्या तळाशी कुणी गुणगुणावं तसं येत होतं. "कानांच्या कवाडांना गंज चढलाय, भक्तहो," म्हणत नादगुरूंनी यंत्राला कडकडून मिठी मारली, वर कान उघडणारा म्हणून आणलेला काळा दगड ठेवला आणि गाण्याने खिडक्या हादरल्या.

दाराशी मावशीची भाची उभी होती. कानाची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या कानांत डोकावून शिणलेली. त्यात हे.

मावशीच्या डाव्या कानाच्या पडद्याला भोक होतं, पू येत होता. आणि दगड घरात आल्यापासून औषध बंद.

"मावशी, थेंब घालतेस ना?"

"कशाला? येतंय की ऐकू! तूच ऐक."

"ऐकतेय. मोठा झाला आवाज."

"बघ!"

"पण मावशी, माझ्या कानांना काय झालं होतं?"

मावशी गाण्यावर मान डोलवू लागली.

खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी. दगडाने दुखरे कान उघडले, तर ठणठणीत कानांनाही गाणं मोठं कसं ऐकू आलं? पण खोलीतला प्रत्येक जण आपल्याच कानांवर खूश होता. शेजाऱ्याला विचारतो कोण?

म्हणून नाइलाजाने पुढचं.

"हा प्लेअर आधीपासून असा बारीक वाजायचा?"

"छे! गुरूंनी यंत्र शुद्ध केलं ना, त्यानंतर. मला वाटलं, माझेच कान गेले."

डॉक्टरने दगड उचलला. आवाज तसाच.

"शक्ती यंत्रात मुरलीय, बेटी," नादगुरू हसले.

तिने प्लेअरच्या मागे बोट घातलं. टक्. गाणं विहिरीत. दगड परत ठेवला. विहिरीतच. पुन्हा टक्. खिडक्या हादरल्या.

"सुईकडून येणारा आवाज फार क्षीण असतो. तो वाढवणारं सर्किट याच्या पोटातच आहे. हे त्याचं बटण. शुद्ध करताना गुरूंनी ते बंद केलं, मिठी मारताना चालू."

"मिठीत भक्ती असते!"

"मग हात पाठीशी बांधून करा भक्ती. आम्ही थांबतो."

नादगुरूंना एकाएकी दुसरीकडचं बोलावणं आठवलं. मागून कुणीतरी म्हणालंच, "पण वाढला ना आवाज?" डॉक्टरने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे मी बहिरीच," मावशी म्हणाली.

"कमी ऐकू येतं तुला. औषध घेतलंस तर आहे ते टिकेल, कदाचित सुधारेलही. दगडाच्या भरवशावर राहिलीस तर फक्त पू वाढेल."

मावशीने केस कानामागे सारले. मग डावा कान भाचीकडे वळवला. "बघ."

मंडळी, आवाज वाढला तर यंत्राच्या मागे बघा. कान दुखला तर डॉक्टरकडे जा. आणि कुणी या दोहोंची गाठ घालून दिली, तर निदान शेजाऱ्याला विचारा, तुला काय ऐकू आलं? साधी गोष्ट आहे. पुन्हा सांगावी लागणार, हेही ठाऊक आहे. सांगू.