मिल्ड्रेडचे कपडे

मिल्ड्रेड म्हणजे सिमेंटची बदकीण. वजन तीस किलो, चोच अर्धी उडालेली. अमेरिकेत ओहायोतल्या एका गावात निम्म्या घरांच्या पायरीशी असली बदकं बसलेली असायची आणि बायका हौसेने त्यांना नाताळात लाल कोट, पावसात पिवळा रेनकोट चढवायच्या. व्हर्ना आणि तिचा धाकटा भाऊ लेस्टर यांचा उद्योग मात्र वेगळाच. एकाची कुठे फजिती झाली, की दुसऱ्याने मिल्ड्रेडला त्या फजितीला शोभेल असे कपडे घालून गुपचूप त्याच्या अंगणात नेऊन बसवायचं. चाळीस वर्षं हे चाललं होतं.

लेस्टरने टपालपेटीवर गाडी घातली, तर मिल्ड्रेड पोलिसाची टोपी घालून त्याच्या दारात हजर! व्हर्नाने थँक्सगिव्हिंगच्या सणाला भाजायला ठेवलेल्या टर्कीचा कोळसा केला, तेव्हा हिच्या हिरवळीवर मिल्ड्रेड आणि तिच्या डोक्यावर बंबवाल्याचं हेल्मेट. येणारेजाणारे गाडी थांबवून पोट धरधरून हसायचे.

यंदा मार्चमध्ये चर्चच्या जेवणात एकोणऐंशी वर्षांची व्हर्ना हिरव्या जेलीचं भांडं घेऊन चालली होती, ती भर हॉलमध्ये सपशेल आडवी झाली. जेली पास्टरच्या बुटांत, आणि हिचं खुब्याचं हाड मोडलं. घर विकून तिला म्हाताऱ्यांच्या इमारतीत दोन खोल्यांत यावं लागलं. त्याचंही तिला फारसं वाटलं नाही. इस्पितळात पडल्या पडल्या ती मनात म्हणत होती, आता लेस्टर काही मला सोडत नाही!

पण लेस्टर यायचा तो सूप घेऊन, गोळ्यांचा डबा घेऊन. "ताई, हळू. ताई, जपून. उठू नकोस, मी देतो." जून गेला, ऑगस्ट गेला. शेवटी तिनेच विचारलं, "मिल्ड्रेड कुठाय रे?"

"गॅरेजमध्ये. चादर घालून ठेवलीय. पुरे झालं ना ताई ते आता. आपली वयं झाली."

"आपली नव्हे, माझं म्हण."

त्याने तिच्या गुडघ्यांवरची शाल तेवढी नीट केली. व्हर्नाच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि तो गेल्यावर ती ढसाढसा रडली. हाडाचं काय, ते डॉक्टर बघतील. पण ज्याने चाळीस वर्षं आपली टर उडवली, तो आता आपल्याशी गोड बोलतो, म्हणजे त्याने आपल्याला जाणाऱ्यांत धरलं. हे काही तिला सोसेना.

तिने लेस्टरच्या मुलीला, डार्लाला, फोन लावला. "यंदा तुझ्या बापाची फजिती कोणती झालीय, ठाऊक आहे?"

"कोणती गं, आत्या?"

"नर्स झालाय!"

तीन दिवस बसून तिने उशीच्या अभ्र्याची टोपी आणि पांढरा एप्रन हाताने शिवला. रविवारी लेस्टर चर्चमध्ये दानाची थाळी फिरवत असताना डार्लाने गॅरेजमधून मिल्ड्रेडला ढकलगाडीवर घालून त्याच्या पायरीशी आणलं. गळ्यात गोळ्यांचा डबा, चोचीत थर्मामीटर आणि पुढे पाटी: 'हळू. जपून. उठू नकोस.' व्हर्ना गाडीत बसून ओरडत होती, "अगं, टोपी वाकडी झालीय! डावीकडे घे!" हसून हसून तिचा खुबा दुखायला लागला.

मग व्हर्ना आपल्या खोलीवर येऊन फोनपाशी बसली. बाराला चर्च सुटलं. साडेबारा झाले तरी फोन नाही. एक वाजला. तिने फोन चालू आहे ना, ते उचलून पाहिलं. आपण पोराचं मन दुखावलं की काय! सव्वाला फोन वाजला. तिने झडप घालून उचलला.

"लेस्टर?"

"ताई, तुला तसं जमिनीवर पडलेलं बघितलं ना, मला वाटलं, गेलीस तू."

"गेले नाही ना, मूर्खा!"

त्याने नाक ओढलं. 

"सगळं चर्च माझ्या दारात उभं आहे," तो मग म्हणाला. "पास्टर फोटो काढतोय. थर्मामीटर कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"माझ्या."

"नालायक बाई! थांब आता तू. ती जेली मी सोडणार नाहीये. तुझ्या इमारतीसमोर, तिथल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या देखत…" पुढे त्याला हसण्याने बोलवेना.

"कधी येतोयस?" व्हर्नाने विचारलं.

"ते काय सांगून करतात का, येडे?"

तिने फोन ठेवला आणि डोळे पुसले. मार्चपासून तिला कुणी येडी म्हटलं नव्हतं.