पस्तीस टक्क्यांवर मरणारा लॅपटॉप

करुणाचा लॅपटॉप पस्तीस टक्क्यांच्या पुढे काही जाईना. अपडेट लावावं, भिंगरी गोल गोल फिरावी, आणि जरा वेळानं येऊन बघावं तर पडदा काळा ठिक्कर. पुन्हा सुरू केला की म्हणायचा, 'काहीतरी चुकलं. बदल मागे घेत आहोत.' काय चुकलं ते सांगायची दानत नाही. एवढं मोघम बोलायला यंत्र कशाला हवं, गावात माणसं काय कमी आहेत?

आंधळगावच्या या कोष्ट्यांच्या घरात हातमाग चालायचे, आणि साड्यांच्या किनारीचे नमुने करुणा लॅपटॉपवर काढायची. आता नमुन्यांचा प्रोग्राम अडून बसला होता: आधी अपडेट करा, मगच उघडतो. तो प्रोग्राम याच लॅपटॉपवर चालणारा. लॅपटॉप गेला की तिचे सगळे नमुने गेले. आणि तिचा नवरा अश्विन सोमवारी तो भंडाऱ्याच्या दुकानात देऊन बदल्यात नवा आणणार होता.

दुकानदारानं फोनवरच निकाल दिला होता. "जुना झाला, वहिनी."

"जुना झाला म्हणजे काय झालं?"

तो नुसता हसला. जुनं झालं म्हणायला अक्कल खर्च होत नाही. माणसाला म्हणा, मागाला म्हणा, सगळीकडे खपतं.

ते हसू करुणाच्या डोक्यात गेलं. रविवारी सकाळी ती हट्टानं बसली. आधी अश्विनचे सिनेमे उडवून जागा केली.

"माहे पिच्चर काहून उडवले?"

"पायता का तुमी कधी?"

"पायणार होतो ना!"

जागा झाली, तरी अपडेट मेलं. शेजारचं वायफाय मागून आणलं, तरी मेलं. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. फाइली उतरेपर्यंत ती समोर बसलेली असायची, तोवर सारं ठीक. पुढचं काम सुरू झालं आणि ती चुलीकडे गेली, की खलास.

"मी बसली का चालते, उठली का मरते."

"तुह्यावर जीव जडला त्याचा," अश्विन म्हणाला.

"गप बसा. मले पायू द्या."

कापडात खोट दिसते तिथंच ती झालेली असते असं नाही. उलटं उसवत मागं जावं लागतं. उठते तेव्हा मी काय करते? चार्जर लागलेलाच. बटणाला हात नाही. तिनं पुन्हा अपडेट लावलं, बराच वेळ बसली आणि मग मुद्दाम उठली, स्वतःवरच नजर ठेवून.

तिच्या हातानं बाजूची जुनी चादर उचलली आणि लॅपटॉपवर पांघरली.

करुणा थबकली. या घरात मागावरून उठलं की त्यावर फडकं पडतंच. धूळ नको, पाल नको. हाताला तीच सवय. थोडं थांबून तिनं चादरीखाली हात घातला. तवा नुसता! जाळीतून निघणारी गरम हवा आत कोंडली होती. लॅपटॉप गुदमरून स्वतःला विझवत होता, आणि दुनिया त्याला म्हातारा म्हणत होती.

"आई, मीच मारून राहिली होती याले!"

कुसुमताई, तिची सासू, आल्या. "म्हणून उघडा टाकशील? उघड्या मागावर कोणी नसलं का लक्ष्मी निंगून जाते."

"हा माग नोहे, आई."

"पोटाले घालते ना? मंग मागच."

"मंग तुमीच बसा जवळ. माणूस असलं का झाकायचं काम नाही."

कुसुमताई सुताचा गुंता घेऊन बसल्या. थोड्या वेळानं गुंता मांडीवर तसाच राहिला आणि त्या आकडे वाचू लागल्या. "छत्तीस झाले व! हा आतमंदी काय करते पण?"

"मलेबी नाही मालूम. पाहू."

मग आकडा शंभरावर पोचला आणि पडदा काळा झाला. "मेला व, करुणा!"

करुणा पिठाच्या हातानं धावली. दोघी बघत राहिल्या. पडदा आपोआप उजळला. प्रोग्राम उघडला, आणि किनारीची वेल समोर आली.

अश्विन मागून डोकावला. "म्हणजे उद्या मी भंडाऱ्याले नाही जात?"

कुसुमताई पडद्याजवळ वाकल्या होत्या. "हे पान वाकडं आहे व."

"कोणतं?" म्हणत करुणानं खुर्ची ओढली.