डाव्या बुटाची टाच

माझा थोरला कुठे गेला? एकाच पिशवीतून आम्ही दोघे हॉस्पिटलात गेलो. खाटेखाली ठेवायला बाहेर काढलं, ते मला एकट्याला. मालकांच्या बायकोने नजर वळवली.

मी डावा बूट बोलतोय. उजवा माझा थोरला भाऊ. कारखान्यात त्याची शिवण माझ्याआधी पुरी झाली, एवढंच त्याचं मोठेपण. आमचे मालक शाळेत शिपाई. वर्गावर्गांत नोटीस फिरवायची, तासाची घंटा द्यायची. आम्हीही रोज शाळेत जायचो, पण दाराबाहेरच थांबायचो. म्हणून मला अक्षर येत नाही, आणि डोकं लगेच तापतं.

दोन जिने चढले की मालकांची उजवी पोटरी भरून यायची. बोटं गार पडायची. त्यांनी दोष दिला थोरल्याला. "चावतो मेला!" मोच्याने त्याला साच्यावर ताणलं. आठवड्याने पुन्हा ताणलं. मला असा राग आला, की मी मालकांच्या अंगठ्याला चावलोच.

तिसऱ्या खेपेला मोची म्हणाला, "मामा, आता यात तुमची दोन्ही पावलं मावतील. बुटाला किती छळाल? डॉक्टर गाठा."

"उद्या बघू."

तो उद्या उजाडला तीन आठवड्यांनी, पाऊल काळंनिळं पडल्यावर. पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

"टायरला फुगा येतो ना, तसा गुडघ्यामागे रक्तवाहिनीला आला होता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आत रक्त साकळलं, गुठळ्या खाली जाऊन अडकल्या. आता डावा दाखवा."

"तो ठणठणीत आहे हो!"

"उजव्यालाही तुम्ही तेच म्हणत होतात."

खाटेखाली मी श्वास रोखला. बाईंनी गुडघ्यामागे बोटं टेकवली, बराच वेळ. मग सोनोग्राफी. फुगा इथेही होता, पण रक्त अजून वाहत होतं. पंधरा दिवसांनी त्यांनी मांडीतली शीर काढून जोडली आणि फुग्याला वळसा घालून रक्ताला नवी वाट करून दिली.

बायकोने पाऊल चाचपलं. "अहो, गरम आहे!" ती रडली, मग डोळे पुसत म्हणाली, "आता ठेवा बुटाला नावं!"

काही महिन्यांनी नवा पाय आला. तो बसवणारा कारागीर म्हणाला, "रोजचा बूट द्या. टाचेच्या उंचीला पाय जुळवावा लागतो." बायकोने मला पुढे केलं. त्याने माझी टाच मोजली आणि नव्या पायाला तेवढ्याच टाचेचा एक उजवा बूट चढवला. अनोळखी. मला बघवेना. पण बिचारा माझ्याहून जास्त भेदरला होता. मी जरा सरकून त्याला जागा दिली.

मला डाव्या पायात चढवून मालकांनी दोन्ही बाजूंचे आधाराचे दांडे घट्ट धरले.

"चला, घंटा झाली," बायको म्हणाली.

नवा पाय उचलला, तसा सगळा भार माझ्यावर आला. तळव्याची शिवण उसवत टाचेपर्यंत गेली. ते पाऊल पुढे टेकेपर्यंत मी हूं की चूं केलं नाही.