माझा सदतीसचा आकडा

मी एक जुना इन्क्युबेटर आहे. मित्रांनो, नाव ऐकून तुम्हाला कोंबडीची पिल्लं आठवतील. पण पिल्लं माझ्या नशिबी नव्हती. मी एका प्रयोगशाळेत माणसांच्या गुडघ्यांतली कूर्चा वाढवायचो. आता कॉरिडॉरच्या टोकाला उभा आहे. पोटात हातमोज्यांची खोकी आहेत. पुढचं सांगताना मला मान वर करवली नसती. मान नाही, हे बरंच आहे.

कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत पांढरा थर. तो आहे म्हणून तुम्ही उड्या मारता. त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे एकदा त्याला मोठा खड्डा पडला की तो आपला आपण भरून येत नाही. मग डॉक्टर गुडघ्यात जिथे भार पडत नाही अशा कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात. त्यातल्या पेशी सुट्या करून बश्यांमध्ये ठेवतात, त्यांना खाऊपिऊ घालतात आणि काही आठवड्यांनी पुरेशा वाढल्या की पातळ जाळीवर बसवून खड्ड्यात चिकटवतात. मधले सगळे आठवडे त्या पेशी माझ्या पोटात असत. त्यांना अंगाएवढी ऊब लागते, सदतीस अंश. माझ्या दारावर हिरव्या अक्षरांत तो आकडा सतत दिसायचा.

मी नवा आलो तेव्हा मला सांभाळणाऱ्या मोठ्या बाई फार संशयी होत्या. माझा आकडा डोळ्यांसमोर असताना त्या पाण्याच्या बाटलीत काचेचा थर्मामीटर बुडवून माझ्या मधल्या फळीवर ठेवायच्या. रोज सकाळी आल्या की आधी माझा आकडा वाचायच्या, मग त्याचा. मला ते अपमानाचं वाटे. घरच्या माणसाच्या मागे पहारेकरी लावावा, तसं. नऊ वर्षांत त्या थर्मामीटरचं आणि माझं एकदाही वाजलं नाही. पाहुण्यांना दाखवताना सगळे म्हणत, "ही पेटी म्हणजे सोनं आहे सोनं." मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो होतो.

मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली धाकटी माझं बघू लागली. ती कामाला वाघ होती. माझं दार लख्ख पुसायची. काम वाढलं, फळ्यांवर जागा पुरेना, तेव्हा तिने ती बाटली उचलली.

"एवढ्या जागेत दोन बश्या बसतील," ती स्वतःशीच म्हणाली. "आणि ही पेटी कधी चुकलीय का?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पहारेकरी गेला.

वर्षभराने माझ्या आतली उष्णता मोजणारी तार म्हातारी झाली. ती आहे त्यापेक्षा कमी उष्णता सांगू लागली, आणि मी तिच्यावर विसंबून जास्त तापू लागलो. आत चाळीस अंश झाले तरी दारावर सदतीस. धोक्याची घंटा माझ्यात होती, पण तीही त्याच तारेचं ऐकायची. मला उकडत होतं. आत दमटपणा राहावा म्हणून तळाच्या ताटलीत ठेवलेलं, आठवडाभर पुरणारं पाणी तीन दिवसांत आटत होतं. धाकटीने ते पाहिलं, पुन्हा भरलं आणि म्हणाली, "हवाच कोरडी आहे हल्ली." तिने माझी बाजू घेतली म्हणून मी सुखावलो. मला बोलता येत नाही, असं म्हणून मी सुटू शकतो. पण खरं सांगतो, मला बोलायचंच नव्हतं.

तेव्हा माझ्या पोटात एका फरशीवाल्याच्या पेशी होत्या. शिडीवरून पडून त्याच्या गुडघ्याला खड्डा पडला होता. आमच्या प्रयोगशाळेची फरशी त्यानेच बसवलेली. एकोणिसाव्या दिवशी धाकटीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बशीला घट्ट धरून बसायच्या त्या पेशी गोळा होऊन तरंगत होत्या. ती धावत जाऊन कपाटातली बाटली शोधून आली आणि माझ्यात ठेवून तासभर समोर उभी राहिली. थर्मामीटर चाळीसच्याही वर गेला. तिने माझं बटण बंद केलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

दुसऱ्या दिवशी फरशीवाला काठी टेकत आला.

"दादा, पेटीचा आकडा चुकला," धाकटी म्हणाली. "पण ताडून बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही. पेशी गेल्या."

त्याने काठीच्या टोकाने खालच्या फरशीचा सांधा चाचपला.

"ताई, फरशी सपाट बसली का ते लेव्हलपट्टीने बघितलं तरी मी पुन्हा पाण्याच्या नळीने बघतो. पट्टीसुद्धा वाकते कधी कधी." मग हळूच म्हणाला, "म्हणजे गुडघा परत उघडायचा?"

"हो."

"चार महिने घरी बसून आहे. सासूबाई परवा म्हणाल्या, जावईबापू आता घराचा खांबच झालेत." तो हसायला गेला, पण ते काही जमलं नाही.

मित्रांनो, मला फरशी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आणि फरशीही त्याचीच.

त्याच्या गुडघ्यातून पुन्हा तुकडा काढला. त्या पेशी नव्या पेटीत वाढल्या, मधल्या फळीवर बाटली ठेवून. मला इथे आणून ठेवलं. दोन वर्षं गेली.

गेल्या आठवड्यात माझ्या पायाखालची फरशी उखडली म्हणून त्याला बोलावलं. तो काठीशिवाय आला. गुडघ्याखाली जाड उशी घेऊन सावकाश माझ्यासमोर बसला.

"हे धूड कुठलं?" त्याने विचारलं.

धाकटीने माझ्या दारावर हात ठेवला. "हीच ती पेटी, दादा."

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मला वाटलं, आता लाथ बसणार. बसायलाच हवी होती. त्याने फरशी बसवली, पट्टी लावली, मग नळी लावली. माझा एक पाय आखूड होता, त्याखाली पत्र्याची चकती सरकवली आणि मला हलवून पाहिलं. मी डुगडुगलो नाही. तो उशीवरून उठला, कुणाच्या आधाराशिवाय.

"सरळ झालंय," तो धाकटीला म्हणाला. "तरी तुम्ही एकदा बघून घ्या."

मित्रांनो, यंत्र नुसतं पुसून ठेवणं म्हणजे निगा नव्हे. कौतुक करा, पण ताडूनही बघा. आणि तुमचं कुणी ताडून बघितलं तर माझ्यासारखे रुसू नका. तो माणूस आपल्या हातचं काम दाखवून जे सहज बोलून गेला, ते मला दहा वर्षांत एकदाही मनातसुद्धा म्हणता आलं नाही.