परतीची बरणी

"अहो आजी, एवढं कशाला!" म्हणत आशिदाने लोणच्याची बरणी दोन्ही हातांनी घेतली आणि समोरच्या फलाटावर कुरामोचीच्या पोटात दुखायला लागलं.

नव्या मुळ्याच्या लोणच्याची पहिली बरणी! एकतीस वर्षं ती कुरामोचीच्या तिकीट-खिडकीत येत होती. शिगे आजी दर गुरुवारी त्याच्या छोट्या कंपनीच्या एका डब्याच्या गाडीने डोंगरातून उतरायच्या, पूल ओलांडायच्या आणि मोठ्या कंपनीच्या गाडीने दवाखान्यात जायच्या. त्या स्टेशनात कंपन्या तीन, टोप्या तीन आणि संडास मात्र एकच. तो धुण्याची पाळी बहुतेक वेळा कुरामोचीवरच यायची.

मोठ्या कंपनीची गाडी कुणासाठी थांबत नसे. दोन मिनिटं थांबा, असे अर्ज करून कुरामोचीचे केस पिकले. उत्तरादाखल एकदा कॅलेंडर आलं. आणि गेल्या गुरुवारी त्याची गाडी तीन मिनिटं उशिरा आली, तेव्हा सहा महिन्यांपूर्वी मोठ्या कंपनीकडून बदलून आलेल्या या आशिदाने नुसता हात वर करून मोठी गाडी थांबवली! वरिष्ठांची बोलणी खाल्ली, पण गावाचा लाडका झाला. कुरामोची आपली गाडी मोठ्या गाडीच्या प्रवाशांसाठी रोज थांबवायचा. पण रोज थांबे त्याला कोण विचारे?

दुपारी आजींना परत आणणारी मोठी गाडी सहा मिनिटं उशिरा आली. कुरामोचीची गाडी निघायला उभीच होती.

"कुरामोचीसान!" पुलावरून आशिदा ओरडला. "एकच मिनिट! आजी जिना चढतायत!"

कुरामोचीने घड्याळाकडे बोट केलं. मग सिग्नलकडे बोट केलं.

"निघायची वेळ झाली," तो नियमाप्रमाणे मोठ्याने म्हणाला आणि त्याने हिरवा झेंडा दाखवला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच, कुणासाठी न थांबता.

गाडी वळणाआड गेली तेव्हा आजी आशिदाचा हात धरून शेवटची पायरी उतरत होत्या.

"माफ करा आजी, आमच्याच गाडीला उशीर झाला," आशिदा कमरेत वाकून म्हणाला. कुरामोचीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"अरे, असू दे बाळा. बसते की." आजी बाकावर टेकल्या. दम खाऊन त्यांनी पिशवीतून कापडात बांधलेलं काहीतरी काढलं. "कुरामोचीसान, इकडे या. ही तुमची. मोठी आहे बघा, त्याच्यापेक्षा."

"माझी? मग सकाळी..."

"सकाळी तुमच्या खिडकीशी रांग होती. तुम्हाला काय घाईत द्यायची? म्हटलं, परतताना निवांत देऊ. तुमची गाडी काय, थांबतेच."

कुरामोचीने बरणी दोन्ही हातांनी घेतली आणि तो वाकला. पुढच्या गाडीला दीड तास होता. मान वर करायला तेवढा वेळ पुरेल असं त्याला वाटेना.